निरखून पाहण्याची आज्ञा

वाचनभाग : मत्तय ६:२५–३४, मत्तय १०:२९–३१, स्तोत्र ८४



डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने पुष्कळ आज्ञा दिल्या. त्यांतील बहुतेक पाळताना आपला जीव मेटाकुटीला येतो. शत्रूवर प्रीती करणे, दुसरा गाल पुढे करणे, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देणे, या गोष्टी रक्तामांसाच्या माणसाला सोप्या नाहीत. परंतु त्याच प्रवचनात एक आज्ञा अशी आहे की तिला पैसा लागत नाही, मोठे शिक्षण लागत नाही, आणि तरीही ती पाळणारे मंडळीत हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. ती आज्ञा म्हणजे आकाशातील पाखरांकडे पाहण्याची. आपण तिला आज्ञा समजतच नाही. चिंतेविषयीच्या शिकवणीला शोभा आणणारा एक दाखला समजून वाचतो आणि पुढच्या ओवीकडे वळतो.

मत्तयाने येथे जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याचा अर्थ जाता जाता नजर टाकणे असा नाही. नजर रोखून, लक्षपूर्वक पाहणे असा आहे. लूकाने आपल्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात कावळ्यांविषयी हीच शिकवण नोंदवली आहे. तेथील शब्द तर पाहिलेले मनात घोळवणे, नीट समजून घेणे या अर्थाचा आहे. मार्टिन लूथर यांनी डोंगरावरील प्रवचनाचे विवेचन करताना पाखरांना आपले गुरुजी आणि उपदेशक म्हटले आहे. लंडनचे सुप्रसिद्ध उपदेशक जॉन स्टॉट हे जन्मभर पक्षी पाहत आले. १९९९ साली त्यांनी पक्षी हेच आपले शिक्षक अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले, आणि त्यात स्वतः काढलेली छायाचित्रे घातली. तेव्हा पाखरांकडे पाहणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे निदान शास्त्र वाचणाऱ्याने तरी म्हणू नये.

हिवाळ्यातील पाहुणे

हा विषय आज घेण्याचे कारण आमच्या शहरातच आहे. काचीगुड्यातील मराठी माणसाला स्थलांतर हा शब्द नवा नाही. येथील रेल्वे स्टेशन १९१६ साली उभे राहिले. मनमाडहून निघणारी छोट्या लाईनीची गाडी जालना, परभणी, नांदेड करीत येथे येत असे, आणि १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात असल्यामुळे शिक्षण, कोर्टकचेरी, नोकरी या सगळ्यांसाठी आपली माणसे याच फलाटावर ट्रंक घेऊन उतरत. पुष्कळांनी येथेच घर केले. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे कार्यक्षेत्रही याच निजामी मुलखात होते.

दर हिवाळ्यात या शहरात दुसरे पाहुणे उतरतात. त्यांच्याजवळ ट्रंकही नसते आणि तिकीटही नसते. उस्मानिया विद्यापीठाचे आवार, नामपल्लीचा बाग-ए-आम, इंदिरा पार्क, ज्युबिली हिल्सच्या बाजूचे साडेतीनशे एकरांहून मोठे कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान, अशा ठिकाणी पहाटे गेले तर ते दिसतात. हिरवळीवर शेपटी वरखाली करीत लगबगीने धावणारा परीट, ज्याला आपण धोबीही म्हणतो, तो आलेला असतो. राखी कोतवाल उंच झाडाच्या शेंड्याजवळ बसून किडे टिपतो. पानांच्या गर्दीत हिरवट वटवट्या सारखा हलत असतो. तो डोळ्यांना सापडण्याआधी कानांना सापडतो. संध्याकाळी भोरड्यांचे थवेच्या थवे झाडांवर उतरतात. या भोरड्या आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला चांगल्याच ठाऊक आहेत. ज्वारी हुरड्याला आली की त्या येतात आणि माळ्यावर गोफण घेऊन उभे राहावे लागते. त्या मध्य आशियातील गवताळ मुलखातून येतात.

या भूमीतील पक्ष्यांची नीट पाहणी प्रथम डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ साली केली. संपूर्ण हैदराबाद संस्थान, म्हणजे आजचा मराठवाडाही, त्यात आला होता. पुढे १९८० साली येथे पक्षी पाहणाऱ्यांची एक संस्था निघाली. ती आज डेक्कन बर्डर्स या नावाने चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर हैदराबाद शहराचे चौकोन पाडून कोणत्या चौकोनात कोणते पक्षी आहेत याची नोंद करण्याचे कामही सुरू झाले. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोघांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. थोडक्यात, हिवाळ्यातील शनिवार-रविवार गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन बागेत घालवणारी तरुण मुले-मुली आता सर्वत्र दिसतात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील तरुणही आहेत.

आणि येथेच कुरकूर सुरू होते. एक वडीलधारे गृहस्थ कळवळून म्हणाले, “अहो, शनिवारी जा, कोण नको म्हणतो? पण ही पोरे रविवारीही पहाटेच पसार होतात. उपासनेला बाके रिकामी, आणि बाईसाहेब विचारतात की काका, हा फोटो कसा आला!” त्या मुलीचे उत्तरही ऐकण्यासारखे होते. ती म्हणाली, “काका, मला देव तिथे जास्त जवळ वाटतो.” दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. दोघांनाही उत्तर शास्त्रातूनच दिले पाहिजे, आणि त्यासाठी आधी पाखरांची शिकवण काय आहे ते समजून घेतले पाहिजे.

१. पाहणे

जो पक्षी पाहायला शिकतो त्याला प्रथम हे कळते की आपण इतके दिवस काहीच पाहिले नव्हते. ज्या चिंचेखालून आपण वीस वर्षे ये-जा केली, त्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते हे आपल्याला ठाऊक नसते. कारण आपल्या डोळ्यांपुढे चिंचेचे झाड नसतेच. तेथे घराचा हप्ता असतो, मुलीचे लग्न असते, वरिष्ठाचा शेरा असतो. चिंता ही मुळात डोळ्यांचा रोग आहे. ती माणसाला उद्याकडे पाहायला लावते आणि आजचे काही दिसू देत नाही. म्हणून वैद्यांचा वैद्य जो प्रभू, त्याने त्या रोगावर डोळ्यांचेच औषध दिले आहे.

आता पाहा, प्रभूने पाखरांचे काय सांगितले? ती पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत. पण ती काम करीत नाहीत असे तो म्हणाला नाही. एक तासभर परिटाकडे पाहा. तो एक क्षण स्वस्थ बसत नाही. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो आपले भक्ष्य शोधत असतो. देव पाखरांना खाऊ घालतो याचा अर्थ त्यांच्या चोचीत आयता घास पडतो असा नाही. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, अशी पौलाची शिस्त थेस्सलनीकाच्या मंडळीला होती, आणि पाखरेही तीच पाळतात. पाखरांजवळ जे नाही ते काम नव्हे. ते उद्याचे ओझे आहे.

आणि त्यापुढचा शब्द फार गोड आहे. पाखरांना खाऊ घालतो तो कोण, हे सांगताना प्रभू त्याला पाखरांचा पिता म्हणत नाही. तुमचा स्वर्गातील पिता असे म्हणतो. पाखरांना तो निर्माणकर्ता आहे. आपल्याला तो बाप आहे. घरधनी आपल्या अंगणातील कोंबड्यांनाही वेळेवर दाणे टाकतो, मग त्याच्या घरातील लेकरू उपाशी राहील काय, असा हा सरळ प्रश्न आहे.

२. वाट पाहणे

पक्ष्याचे छायाचित्र काढणाऱ्याला दुसरा धडा मिळतो तो धीराचा. यंत्रे आता इतकी वेगवान झाली आहेत की पंखांची फडफड सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पकडता येते. परंतु तो क्षण यावा म्हणून तास-दोन तास एका जागी गप्प बसावेच लागते. पक्षी आपल्या वेळेने येतो. आपण त्याला हुकूम सोडू शकत नाही. आपल्या मराठीत पाहणे आणि वाट पाहणे हे शब्द एकाच मुळातले आहेत. ज्याला वाट पाहता येत नाही त्याला पाहताही येत नाही. प्रार्थनेचेही तसेच आहे. पाच मिनिटे गुडघे टेकून, मागण्यांची यादी वाचून, आमेन म्हणून उठणाऱ्याला देवाचे उत्तर ऐकायला सवडच नसते.

वेळेविषयी पाखरे आपल्याला लाजवतात. यिर्मया संदेष्ट्याने ८ व्या अध्यायात हेच दुःख सांगितले : करकोचा, पारवा, निळवी यांना आपला येण्याचा काळ कळतो, पण देवाच्या लोकांना देवाचा न्याय कळत नाही. आज शास्त्रज्ञ सांगतात की स्थलांतर करणारे पक्षी सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या खुणेने दिशा ओळखतात. पट्टकादंब नावाचा हंसासारखा पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरांच्या उंचीवर उडताना त्याची नोंद झाली आहे. तो एवढा मोठा तरी आहे. पण बागेतील हिरवट वटवट्याचे वजन सात-आठ ग्रॅम असते, म्हणजे साधारण एक रुपयाची दोन नाणी. असल्या अनेक लहान पक्ष्यांची त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले आईबापांच्या सोबतीशिवाय, पूर्वी कधी न पाहिलेल्या देशाकडे पहिल्यांदा निघतात आणि पोहोचतात. कोठे जातो हे ठाऊक नसता अब्राहाम निघाला, असे इब्री लोकांस पत्रात लिहिले आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे तशीच निघाली होती. ज्याने दोन नाण्यांएवढ्या जिवात वाट लिहून ठेवली, तो तुमच्या मुलाची परगावची वाट विसरेल काय?

३. पडणे

पण बंधूंनो, येथे थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगितले असे होईल. पाखरांकडे जो खरोखर निरखून पाहतो त्याला मेलेली पाखरेही दिसतात. बऱ्याच लहान पक्ष्यांत निम्म्याहून अधिक पिल्ले जन्माचे पहिले वर्ष पुरे करीत नाहीत. काही वाटेतच थकून पडतात, काही ससाण्याच्या तोंडी जातात, काही उपाशी मरतात. मग पित्याने खाऊ घालण्याचे काय झाले? २०२० च्या टाळेबंदीत शहरे शांत झाली, खिडकीतून दयाळाची शीळ ऐकू आली म्हणून पुष्कळांना आनंद झाला. त्याच दिवसांत रोजंदारीवरची माणसे डोक्यावर बोचकी घेऊन रस्त्याने चालत होती. ज्याच्या घरातील डबा रिकामा आहे तो माणूस विचारतो, ‘पाखरांना खाऊ घालणारा देव माझ्या दारावरून का गेला?’ या प्रश्नाला गोड गोड बोलून बगल देणे हे पाप आहे.

प्रभूने बगल दिली नाही. मत्तयाच्या १० व्या अध्यायात तो पुन्हा पाखरांविषयी बोलतो, आणि आता तो पडलेल्या चिमणीविषयी बोलतो. तेव्हाच्या बाजारात चिमण्या विकत मिळत. तो गरिबांचा आहार होता. दोन चिमण्या एका लहानशा तांब्याच्या नाण्याला. तसली सोळा नाणी म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. लूक सांगतो की दोन नाण्यांना पाच चिमण्या येत, म्हणजे पाचवी फुकट पडे. ज्या चिमणीला बाजारात काहीच किंमत नव्हती, त्या पाचव्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभूने सांगितले. चिमणी पडणार नाही असे वचन त्याने दिले नाही. पित्याला वगळून ती पडत नाही, एवढेच तो म्हणतो. पडण्याच्या जागीही पिता असतो, आणि म्हणून भिऊ नका, असे तो आपल्या शिष्यांना सांगतो. आणि हे तो कोणाला सांगत होता? ज्यांना पुढे धरून नेणार होते, फटके मारणार होते, ठार करणार होते, त्यांना.

हे सांगण्याचा अधिकार त्याला होता. त्याच्या जन्मानंतर मरीया व योसेफ यांनी मंदिरात जे अर्पण केले ते गरिबांचे अर्पण होते, पाखरांची जोडी. पुढे त्याने स्वतःच म्हटले की आकाशातील पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नाही. पाखरांकडे पाहा असे सांगणारा स्वतः पाखरांहून निराधार होऊन जगला, आणि शेवटी त्या फुकट पडलेल्या चिमणीसारखा, तीस रुप्याच्या नाण्यांना विकला जाऊन पडला. त्या दिवशी दुपारी अंधार पडला, पण पिता तेथे होता. तिसऱ्या दिवशी त्याने त्याला उठवले. बंधूंनो, आपल्या आशेचा पाया पाखरांच्या पोट भरण्यावर नाही. तो या पडलेल्या आणि उठलेल्या प्रभूवर आहे.

सालिम अली यांनी १९८५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मुंबईत शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची एक चिमणी पाडली. ही कोणती चिमणी, या कुतूहलाने ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेले आणि तेथून त्यांच्या जन्माचे कार्य सुरू झाले. म्हणून त्यांनी पुस्तकाला चिमणीच्या पडण्याचे नाव दिले. त्या नावाचे मूळ शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकातून थेट मत्तयाच्या १० व्या अध्यायापर्यंत जाते. प्रभूच्या तोंडचा एक शब्द किती दूरवर उडत जाऊन कोणकोणत्या फांदीवर बसतो!

आणि रिकाम्या डब्याच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे. ते आपल्याला द्यायचे आहे. एलीयाला करीथ ओहोळाजवळ कावळ्यांनी अन्न आणून दिले. ओहोळ आटल्यावर देवाने त्याला सारफथच्या विधवेकडे पाठवले. पाखरांकडून झालेले काम पुढे एका गरीब बाईच्या हातांनी झाले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’ मागायची आहे. मंडळीतील एका घरी चूल पेटत नसेल आणि दुसऱ्या घरी फ्रिज भरलेला असेल, तर देव खाऊ घालत नाही असे म्हणू नका. देवाने धाडलेली भाकर वाटेत कोठे अडली ते पाहा.

४. राखणे

ज्याच्याकडे आपण निरखून पाहतो त्याची आपल्याला काळजी वाटू लागते. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे सापडले आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर आईला धरू नये. तिला जाऊ द्यावे. आणि या लहानशा दयेला देवाने मोठे वचन जोडले आहे : तुझे कल्याण होईल, तू चिरकाळ राहशील, असे. आईबापांचा मान राखणाऱ्याला जे वचन, तेच घरटे राखणाऱ्याला.

हा नियम कॅमेरेवाल्यांनी आपल्या पिशवीवर लिहून ठेवावा. घरटे नीट दिसावे म्हणून भोवतालच्या डहाळ्या छाटल्या तर घारीला आणि कावळ्याला वाट मोकळी होते. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच जातीच्या पक्ष्याचा आवाज यंत्रावर वाजवला तर तो शत्रू आला असे समजून आपले खाणे टाकून धावतो. उडतानाचे चित्र हवे म्हणून दगड मारून थवा उठवला, तर दूरच्या प्रवासाने थकलेल्या पाखरांनी दिवसभर मिळवलेले बळ आपल्या एका चित्रापायी खर्ची पडते. रात्री पिंगळ्याच्या डोळ्यांवर दिवा मारू नये. चित्र मिळाले नाही तर नाही. पाखरू जिवंत राहणे हे चित्रापेक्षा मोठे आहे. प्रभूने पाहा म्हटले. मिळवा म्हटले नाही.

हिवाळ्यातील आणखी एक गोष्ट लहान मुलांच्या आईबापांसाठी. संक्रांत आली की हैदराबादच्या गच्च्यांवर पतंगांची धूम असते. नायलॉनच्या मांज्याने घारी, बगळे, पारवे यांचे पंख कापले जातात, माणसांचे गळेही कापले जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली असल्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. आपल्या घरात तो येऊ नये. पतंग उडवा, पण साध्या सुती दोऱ्याने. आणि झाडात अडकलेला दोरा दिसला तर काढून टाका. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी पारध्याच्या बाणाने घायाळ होऊन पिल्लांसाठी तळमळणाऱ्या पक्षिणीवर ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता लिहिली. महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे त्या कवितेने ओले झाले. ज्या मंडळीला असा कवी लाभला तिच्या मुलांच्या हातात पाखरांचा गळा कापणारा दोरा शोभत नाही.

आणि झाडे राखा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंजच्या इस्पितळाच्या बागेतील एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसांनी आपला जीव वाचवला. ज्या फांद्या एरवी पाखरांना आश्रय देत, त्यांनीच त्या दिवशी माणसांना आश्रय दिला. काचीगुड्याहून ती जागा फार लांब नाही. देवाने पाखरांसाठी आणि माणसांसाठी वेगवेगळी झाडे केलेली नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांविषयीच्या अहवालात असे दिसून आले की चिमण्या देशभरात एकंदरीत टिकून आहेत, पण हैदराबादसारख्या मोठ्या शहरांतून त्या कमी झाल्या आहेत. प्रभूने जिचे नाव घेतले ती चिमणी आपल्या खिडकीतून नाहीशी व्हावी, हे आपल्याला चालेल काय? कौलाखालची फट नसेल तर एखादी लाकडी पेटी टांगा. मातीच्या परळात पाणी ठेवा.

आता रविवारविषयी

ज्या बहिणीला बागेत देव जवळ वाटतो, तिला मी म्हणेन : बाळ, तुला ते खोटे वाटलेले नाही. आकाश देवाचा महिमा सांगते असे स्तोत्रकर्ता म्हणतो, आणि अदृश्य देवाचे सामर्थ्य निर्मितीत दिसते असे पौल रोमकरांस सांगतो. पण पाखरे किती सांगू शकतात आणि किती सांगू शकत नाहीत, हेही पाहा. देव महान आहे, तो पालनकर्ता आहे, हे ती सांगतील. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, हे कोणतेही पाखरू सांगू शकत नाही. भावाशी तुटलेला संबंध जोड, असे भोरडी सांगणार नाही. ख्रिस्ताचे शरीर तुझ्यासाठी मोडले गेले, हे उस्मानियाच्या झाडीत ऐकू येणार नाही. ते वचनातून आणि मेजावरूनच ऐकू येते, आणि तेही इतरांच्या संगतीत. बागेत तुला निवडक सोबती भेटतात. मंडळीत ज्यांची आपण निवड केलेली नाही असे भाऊबहीण भेटतात. कंटाळवाणे, कुरकुरे, म्हातारे. त्यांच्यावर प्रीती करायला शिकणे हे सात हजार मीटर उडण्याहून कठीण आहे, आणि ते घरी किंवा बागेत एकटे बसून शिकता येत नाही.

आणि काकांना मी हात जोडून म्हणेन : ८४ वे स्तोत्र पुन्हा वाचा. परमेश्वराच्या मंदिराची ओढ लागलेल्या त्या भक्ताला वेदीजवळ काय दिसले? चिमणीला घर मिळाले, निळवीला पिल्लांसाठी कोटे मिळाले. त्याला त्यांचा हेवा वाटला. वेदीजवळ पाखराने घरटे केले म्हणून कोणी त्याला काठीने हाकलले नाही. आपल्या मंदिरात तरुणांना तसे घरटे मिळते काय? की ते आत येताच आपण त्यांचे केस, त्यांचे कपडे, त्यांचा उशीर मोजू लागतो? ज्या झाडावर गोफणीचे दगड येतात त्यावर पाखरे बसत नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

म्हणून एक व्यवहाराची सूचना. हिवाळ्यातील एखाद्या शनिवारी सर्व मंडळीने, काकांसह, पहाटे जवळच्या बागेत जावे. तरुणांनी पक्षी दाखवावेत, वडिलांनी त्यांची आपल्या गावची नावे सांगावीत. भोरडी, परीट, तांबट ही नावे पोरांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असतात. तेथेच मत्तयाचा ६ वा अध्याय वाचावा. फेब्रुवारीच्या मध्यास जगभर चार दिवस आपापल्या परिसरातील पक्षी मोजले जातात. त्यात भारतातील लोकही २०१३ पासून भाग घेतात. शब्बाथ शाळेच्या मुलांनाही ते करता येईल. आणि रविवारी त्याच तरुणांनी, बागेतून परस्पर घरी न जाता, मंदिरात यावे. शनिवारी निर्माणकर्त्याच्या अंगणात, रविवारी पित्याच्या घरात. अंगणाशिवाय घर कोंदट होते, आणि घराशिवाय अंगणात थंडी वाजते.

ज्यांना बागेत जाता येत नाही, जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळले आहेत, त्यांनाही ही आज्ञा आहे आणि ती त्यांना पाळता येते. खिडकीच्या चौकटीत एखादी घार, एखादा पारवा येतोच. १०२ व्या स्तोत्रातील दुःखिताने स्वतःला घराच्या छपरावरील एकट्या पाखराची उपमा दिली आहे. तो एकटा होता, पण त्याची प्रार्थना देवाने लिहवून ठेवली. तुमचीही लिहिली जात आहे.

प्रार्थना करू या.

हे देवबापा, तू आम्हांला डोळे दिलेस आणि आम्ही ते चिंतेने भरून टाकले, याची आम्हांला क्षमा कर. दूर देशाहून आलेल्या या लहान जिवांना तू वाट दाखवलीस, तशी आमच्या लेकरांना दाखव. ज्यांच्या घरी आज भाकर नाही त्यांच्याकडे आम्हांला पाठव. ज्यांचे कोणी पडले आहे, त्यांना तू त्या जागी होतास असा विश्वास दे. तरुणांना तुझ्या वेदीजवळ घर मिळो, आणि वृद्धांना पुन्हा एकदा आकाशाकडे पाहण्याचा आनंद मिळो. ज्याला डोके टेकायला जागा नव्हती, त्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.